बाहेर ४३, आत ३७ : एका उन्हाळी प्रकल्पाच्या नोंदी

१९ मार्च

नववीला समस्थिती शिकवून झाली. बाहेर कितीही उलथापालथ होवो, शरीर आतली परिस्थिती ठरावीक मर्यादेत राखतं, एवढं सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं. तास संपता संपता मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, मंग मे महिन्यात आपण शिजत काऊन नाही?"

वर्ग हसला. मला मात्र वाटलं, अख्ख्या धड्यात हा एकच प्रश्न विचारण्यासारखा होता. आमच्या अमरावती जिल्ह्यात मे महिन्यात ४३-४४ हे रोजचंच. शरीर ३७ चं. उष्णता गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते हे याच मुलांना मीच शिकवलंय. म्हणजे मे महिन्यात हवेतली उष्णता आपल्या अंगात शिरायला हवी, आणि ती शिरतेही. तरी आपल्याला ताप येत नाही. कसा?

उत्तर सांगून टाकण्यापेक्षा म्हटलं, मोजू या. चार मुली आणि तीन मुलगे तयार झाले. वार्षिक परीक्षा सांभाळून, पुढे सुट्टीतही काम करायचं ठरलं.

२२ मार्च

साहित्य जमवलं. भिंतीवरच्या दोन साध्या तापमापी. त्यांतल्या एकीच्या फुग्याला मलमलचं फडकं गुंडाळून त्याचं टोक पाण्याच्या बाटलीत सोडलं. कोरडी तापमापी हवेचं तापमान सांगते. ओली तापमापी सांगते की त्या हवेत पाणी सुकू देऊन एखादी वस्तू किती थंड होऊ शकते. आम्हाला दुसरा आकडा जास्त लागणार आहे. ताप मोजायच्या तीन डिजिटल कांड्या, एक मोजपात्र, नाडीसाठी सेकंदकाट्याचं घड्याळ. वजनकाटा आशाताईंनी दिला, ५० ग्रॅमचा फरक दाखवणारा. "पावसाळ्याआधी परत पाहिजे," एवढीच त्यांची अट.

काटा पाहून मुलांना सँटोरिओची गोष्ट सांगितली. इटलीत पाडुआला हा वैद्य सोळाव्या-सतराव्या शतकात होऊन गेला. तराजूला टांगलेल्या खुर्चीत बसून तो जेवायचा आणि खाल्लेलं, प्यायलेलं, बाहेर टाकलेलं सगळं तोलायचा, तेही वर्षानुवर्षं. खाल्लं-प्यायलं त्याच्या निम्म्याहून जास्त वजन मलमूत्रात सापडतच नव्हतं. ते न दिसता अंगातून आणि श्वासातून उडून जातं, असं त्यानं १६१४ मध्ये छापून सांगितलं. आमचा सगळा प्रकल्प त्या न दिसणाऱ्या वजनाचाच आहे.

२८ मार्च

व्हरांड्यातला प्रयोग. स्टीलचे तीन सारखे पेले, प्रत्येकात ३७ अंशांचं पाणी. पहिला नुसता, फडक्याविना. दुसऱ्याभोवती ओलं फडकं. तिसऱ्याभोवतीही ओलं फडकं, पण वरून प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधलेली. हवा ४० अंश, मधून मधून झुळूक.

तासाभराने पहिल्यात ३८, दुसऱ्यात २९, तिसऱ्यात ३८.

दुसऱ्याचं कुणाला नवल वाटलं नाही. माठ आणि कूलर घरोघरी आहेत. सगळे अडले ते तिसऱ्यापाशी. फडकं तर तिथेही ओलंच होतं! एका मुलीनं ते सोडून हातात घेतलं आणि म्हणाली, "हे सुकलंच नाही मॅडम." तिथेच गाठ सुटली. गारवा ओलेपणानं येत नाही, सुकण्यानं येतो. घाम येणं आणि घामानं थंड होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी गोष्ट हवेच्या हातात आहे.

४ एप्रिल

माणसांवर मोजायचं तर उन्हात काम करणारी माणसं हवीत. प्रकल्पातल्या दोन मुलांच्या आया एकाच टोळीत धसकटं वेचायला जातात. पाच बायका, सकाळी सात ते बारा. आज वावरात जाऊन त्यांना सगळं समजावून सांगितलं आणि परवानगी मागितली. टोळीतल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या काकूंनी विचारलं, "आमाले तोलून तुमाले काय भेटते?"

प्रश्न रास्त होता. जे आकडे निघतील ते आधी तुम्हाला सांगू, मग प्रदर्शनात मांडू, असा शब्द दिला. नावं कुठेही लिहायची नाहीत, हेही ठरलं. वहीत काकू १ ते काकू ५.

८ एप्रिल

आजचे आकडे सगळे वाया गेले. काकू ३ चा ताप ३५.१ आला. एवढा तर थंडीनं काकडलेल्या माणसाचाही सहसा नसतो. दोनदा मोजला, तेच. मग कळलं की कांडी जिभेखाली ठेवायच्या आधी त्या माठातलं पाणी प्यायल्या होत्या. तोंड गार झालं होतं, माणूस नव्हे. कपाळावर धरायचं यंत्र एका पालकांनी आणून दिलं होतं, ते तर घामाच्या कपाळावर काहीही दाखवतं, उन्हातून आलेल्या कपाळावर आणखीनच वेगळं.

नवा नियम: पाणी प्यायल्यावर पंधरा मिनिटं थांबायचं. तोंड मिटून, कांडी जिभेखाली मागे, वाजेपर्यंत.

११ एप्रिल

वजनातही चूक निघाली. बारा वाजता वजन करताना लुगडी आणि पोलकी घामानं भिजलेली असतात. तो घाम अंगातून गेलेला असतो, पण काट्यावर अजून हजर असतो. काकू २ ची सकाळची कोरडी साडी पिशवीत घालून तोलली तर ५०० ग्रॅम, दुपारी तीच साडी ७५० ग्रॅम. पाव लिटर घाम नुसत्या कापडात. बायकांनीच तोड काढली: बाजूच्या गोठ्यात साडी बदलायची, सकाळी-दुपारी वजन त्याच एका कोरड्या साडीत. मोजणारी मुलगीच असेल.

१५ एप्रिल

आज पहिल्यांदा मनासारखे आकडे मिळाले. काकू २ चे जसेच्या तसे लिहिते.

सकाळी ७: हवा २९, ताप ३६.८, नाडी ७६, वजन ४८.६० किलो.
दुपारी १२: हवा ४२, ताप ३७.४, नाडी ११२, वजन ४७.१० किलो.
मधल्या वेळात प्यायलेलं पाणी १.२ लिटर. लघवी नाही.

बाहेर १३ अंश चढले, आत अर्ध्या अंशाच्या जरा वर. मुलं वहीकडे बघतच राहिली. तेवढ्या अर्ध्या अंशातलाही काही भाग रोजचाच असतो, कारण माणसाचा ताप पहाटे सगळ्यांत कमी आणि दुपारनंतर जास्त असतो.

मग हिशेब मांडला. वजन दीड किलोनं घटलं, पण वरून १.२ लिटर पाणी पोटात गेलं होतं. म्हणजे घाम २.७ लिटर (श्वासातून जाणारी वाफही त्यातच धरली आहे). एक लिटर घाम अंगावर सुकला की सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. २.७ लिटरचे झाले दीड हजारांच्या वर. दुसऱ्या बाजूनं पाहिलं तर अशा मेहनतीत काकूंच्या शरीरात ताशी २०० किलोकॅलरीच्या आसपास उष्णता तयार होते, आणि त्यांच्या वजनाच्या शरीराचा ताप एक अंशानं चढायला फक्त ४० पुरतात. घाम सुकला नसता तर दर बारा मिनिटांनी एक अंश. तासाभरात जीव गेला असता. तोही फक्त आतल्या उष्णतेनं. ऊन आणि तापलेली हवा वेगळीच.

मागच्या बाकावरच्या त्या मुलानं हा हिशेब तीनदा करून पाहिला. मग म्हणाला, "म्हणजे माय रोज शिजता शिजता वाचते." ती त्याचीच आई होती. नंतर बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

१७ एप्रिल

परीक्षेच्या गडबडीत अर्धाच तास मिळाला. १७७४ मधली लंडनची हकिकत सांगितली. चार्ल्स ब्लॅग्डेन आणि त्याचे मित्र एका तापवलेल्या खोलीत शिरले. हवा पाण्याच्या उकळबिंदूच्याही वर, पण कोरडी. त्याच खोलीत अंडी कडक शिजली, मांसाचा तुकडा भाजून निघाला. माणसं घामाघूम होऊन बाहेर आली, पण अंगाचा ताप जवळजवळ होता तेवढाच. "आपण शिजत काऊन नाही" हाच प्रश्न अडीचशे वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःच्या अंगावर तपासून घेतला होता.

मग फळ्यावर एकच वर्तुळ काढलं. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस. तिथून जाणारं रक्त जरा गरम झालं की तो हुकूम सोडतो: कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंद करा, घर्मग्रंथी सुरू करा. अंग थंड झालं की तोच हुकूम मागे. बिघाड झाला की त्याच्या उलट दिशेला ढकलायचं, यालाच पुस्तकात ऋण प्रत्याभरण म्हणतात. कुणीतरी म्हणालं, सायकल चालवताना हँडल सरळ दिसतं पण आपण ते सारखं थोडं इकडे थोडं तिकडे करत असतो, तसं. माझ्या आजवरच्या सगळ्या उदाहरणांपेक्षा हे चांगलं आहे. यापुढे मी हेच देणार.

समस्थिती या शब्दात एक चकवा आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, आत सगळं निवांत थांबलेलं असेल. वॉल्टर कॅनन या अमेरिकी शास्त्रज्ञानं १९२६ मध्ये होमिओस्टॅसिस हा शब्द घडवला, तेव्हा त्यालाही न हलणारी स्थिती अभिप्रेत नव्हतीच. काकूंचे ३७.४ टिकले ते २.७ लिटर पाणी आणि मिनिटाला छत्तीस जास्तीचे ठोके खर्च करून. आतला आकडा हलला नाही हे पाहून आपण खूश होतो. त्याची किंमत दुसऱ्या रकान्यात लिहिलेली असते.

२१ एप्रिल

आज त्या दुसऱ्या रकान्याबद्दल.

पाचही काकूंच्या लघवीच्या रकान्यात सात ते बारा शून्य आहे. एक दिवस नाही, सगळे दिवस. मुलींनी त्यांना रंगाचं विचारलं. हळदीच्या पाण्यासारखा, एकीचा तर चहासारखा. तिघींना दर उन्हाळ्यात उन्हाळी लागते. जळजळ, थेंब थेंब. त्यांना त्याचं काही वाटत नाही. उन्हाळा आला की आंबा येतो, तशी उन्हाळी येते.

शरीराच्या बाजूनं पाहिलं तर सगळं नेमानं चाललंय. रक्ताची दाटी एखाद्या टक्क्यानं जरी वाढली तरी मेंदूला कळतं. तहान लागते, आणि पीयूषिका ग्रंथीतून असं एक संप्रेरक सुटतं जे मूत्रपिंडांना सांगतं: पाणी राखा. मूत्रपिंडं दिवसाला १८० लिटर गाळतात आणि त्यातलं ९९ टक्के परत घेतात, आता त्याहूनही जास्त घेतात. लघवी थोडी आणि गडद होते. पण कचरा बाहेर टाकायला दिवसाला निदान अर्धा लिटर तरी लागतंच. त्याखाली मूत्रपिंडांनाही जाता येत नाही.

मी विचारलं, काकू, तहान लागत नाही का? तेव्हा वडीलधाऱ्या काकूंनी जे सांगितलं ते तसंच लिहिते. "लागते न. पन पानी पेलं का जा लागते. अन् जाव कोठी? आजूबाजूनं सारं मोकयं. घरून निंगाच्या आधी जाऊन येतो, मंग सिध्धं घरी गेल्यावर."

शरीर तहान पाठवतं, बाई ती परत पाठवते. माझ्या वर्तुळात या बाणासाठी जागाच नव्हती.

२२ एप्रिल

प्रकल्पातल्या चार मुली शाळा सुटल्यावर थांबल्या. सांगू की नको असं बराच वेळ चाललं, मग एकीनं सांगून टाकलं. शाळेत त्याही पाणी पीत नाहीत. शौचालय आहे पण आत नळ नाही, कडी तुटलेली. सकाळी घरून निघाल्यापासून घरी परतेपर्यंत एक घोट किंवा तोही नाही. वर्गातल्या बहुतेक मुलींचं हेच.

याच वर्गासमोर मी "दिवसातून भरपूर पाणी प्यावे" असं फळ्यावर लिहून आलेय, किती वर्षं. मुख्याध्यापकांना आज लेखी दिलं.

२६ एप्रिल

काकू ५ चं काळं पोलकं. पाठीवर पांढऱ्या रेघा, नकाशावरच्या नदीसारख्या. उन्हात वाळवून भिंग धरलं तर धाग्यांच्या उभ्या-आडव्या विणीत बारीक चकाकणारे चौकोनी कण. मिठाचे स्फटिक. मुलांनी मिठाचे चौकोन पुस्तकात पाहिले होते, पोलक्यावर पहिल्यांदाच.

माझ्या स्वतःच्या काळ्या कुर्त्यावर मार्चअखेरीस अशाच जाड रेघा उमटायच्या. आता घाम जास्त येतो, रेघा मात्र फिकट झाल्यात. उन्हाची सवय होते ती अशी. दहा-चौदा दिवस रोज उन्हात राहिलं की घाम लवकर सुटायला लागतो, जास्त येतो, आणि वरून खारटपणा कमी होतो. अधिवृक्क ग्रंथींच्या एका संप्रेरकाच्या हुकुमानं घर्मग्रंथीची नळी घाम बाहेर पडायच्या आत त्यातलं मीठ परत ओढून घेते. ही सवय आठवडाभर एसीत बसलं की सुटायला लागते. म्हणूनच पुण्या-मुंबईहून लग्नाला आलेले पाहुणे इथे पहिल्याच दिवशी आडवे होतात, आणि गावातल्या म्हाताऱ्या त्याच मांडवात भरदुपारी पंगत वाढत असतात.

३ मे

सुट्टी लागली. रत्नागिरीच्या माझ्या बहिणीला तसल्याच दोन तापमापी घ्यायला लावल्या. दुपारी एक वाजता दोघींनी फोनवर एकाच वेळी वाचल्या.

आमच्याकडे: कोरडी ४३, ओली २३.
तिच्याकडे: कोरडी ३३, ओली २८.

आम्ही दहा अंशांनी जास्त तापलेलो, पण घाम सुकवायला आमची हवा कितीतरी सढळ. तिच्याकडे घाम येतो आणि अंगावरच राहतो. व्हरांड्यातला तिसरा पेला. नुसता पारा पाहून उन्हाळा जोखणारे इथेच फसतात. १६ एप्रिल २०२३ ला नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर उघड्या उन्हात बसलेल्या गर्दीतल्या १४ जणांचा जीव गेला, त्या दिवशी पारा ४० ला पोचला नव्हता.

ओली तापमापी ३५ वर गेली तर कातडीवरून उष्णता बाहेर जायला वाटच उरत नाही. सावलीत, पंख्याखाली, पाणी पीत बसलेला धडधाकट माणूसही काही तासांत कोसळेल. अलीकडे तरुण, निरोगी माणसांना प्रयोगशाळेत तपासलं तेव्हा दमट हवेत त्यांची मर्यादा त्याच्या बरीच आधी, ३१ च्या आसपास आढळली. धडधाकट माणसांची ही गत, तर म्हाताऱ्यांची आणि आजाऱ्यांची याहून खाली असणार.

९ मे

काकू २ ला आज चक्कर आली.

साडेअकराची वेळ, हवा ४३. बराच वेळ वाकून वेचत होत्या. टोपलं उचलायला उभ्या राहिल्या आणि जागच्या जागी खाली बसल्या, मग आडव्या झाल्या. चेहरा पांढराफटक. सगळ्यांनी उचलून बाभळीच्या सावलीत नेलं. पाय टोपल्यावर उंच ठेवले. पदर ओला करून मानेवर, काखेत, हातापायांवर ठेवला, दोघी पुठ्ठ्यानं वारा घालत राहिल्या. नाडी १२८. ताप ३८.२. मी त्यांना मुलाचं नाव विचारलं, त्यांनी नीट सांगितलं. वार विचारला, तोही. अंगाला घाम होता. तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

शुद्ध नीट आहे, गिळता येतंय हे पाहून जलसंजीवनीचं पाणी घोट घोट पाजलं. वीस मिनिटांत चेहऱ्यावर रंग आला, नाडी ९६. तरी आशाताईंना बोलावून प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. तिथे तपासून, सलाइन लावून संध्याकाळी घरी पाठवलं.

झालं ते असं. उन्हात कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंद होतात म्हणजे रक्ताचा मोठा वाटा कातडीकडे वळतो. काम करणाऱ्या स्नायूंना वेगळा वाटा हवा, मेंदूला वेगळा. त्यात घामानं एकूण रक्तातलंच पाणी घटलेलं. हृदय जोरात धावून तिन्ही वाटे कसेबसे भागवतं. अशात वाकलेला माणूस एकदम उभा राहिला की रक्त पायांकडे उतरतं आणि मेंदूचा वाटा काही क्षण कमी पडतो. ताप सांभाळायचा की रक्तदाब, अशी वेळ आली आणि रक्तदाब हरला.

सकाळी सहापासून त्या फक्त दोन पेले पाणी प्यायल्या होत्या.

२१ एप्रिललाच हे सगळं माझ्या वहीत होतं. चहासारखा रंग, शून्यांचा रकाना, कारणही. मी नोंद केली आणि पुढच्या नोंदीकडे वळले. हे मला आज फार लागलंय.

१० मे

काकूंना भेटून आले. बऱ्या आहेत. उशाशी तापाची गोळी होती. ऊन लागलं की गावात सगळे तीच घेतात. सगळ्यांना एकत्र बसवून समजावलं, कारण हा घोटाळा जिवावर बेततो.

जंतूंमुळे ताप येतो तेव्हा हायपोथॅलॅमस स्वतःच आपला नेम वर करतो, ३७ ऐवजी ३९ धरतो. म्हणून ताप चढताना थंडी वाजते, गोधडी हवी होते. गोळी तो वर गेलेला नेम खाली आणते. उन्हानं अंग तापतं तेव्हा नेम ३७ लाच असतो. शरीराला तो गाठता येत नसतो. तिथे गोळीला काही कामच उरत नाही. तिथे काम पाण्याचं, सावलीचं, वाऱ्याचं.

आणि उष्माघात म्हणजे नुसती चक्कर नव्हे. ताप ४० च्या वर, माणूस बरळतो, ओळखत नाही, झटके येतात, शुद्ध हरपते. अंग कोरडं असू शकतं, घामेजलेलंही असू शकतं, त्यामुळे घामावरून ठरवायचं नाही. अशा माणसाच्या तोंडात पाणी ओतायचं नाही. अंगावर मिळेल तेवढं पाणी ओतायचं, वारा घालायचा आणि १०८ ला फोन. थंड करणं आधी, गाडी येईपर्यंत थांबायचं नाही.

खिशातल्या कांद्याचं एका आजीनं विचारलं. आजी, कांदा खिशात ठेवून ऊन अडत नाही, पण घरचं पन्हं प्या. त्यात गूळही आहे आणि मीठही. ही जोडी महत्त्वाची. आतड्याच्या पेशी मीठ आणि साखर हातात हात घालून आत घेतात, आणि त्यांच्यामागून पाणी आत येतं. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी पिंपांत भरून लोकांना पाजलं आणि मृत्यू झपाट्यानं कमी केले. घरी करायचं तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ याहून जास्त नको.

१२ मे

चार बांबू, जुन्या दोन साड्या, वर काही नाही. मुलांनी बांबू पुरले, मुलींनी साड्या ताणून बांधल्या. आत एक पिंप, एक डबा. वावराच्या मालकांना आधी जाऊन सांगितलं होतं. बांबू त्यांनीच दिले. दोन तासांचं काम. माठ बांधावरून उचलून बायका वेचतात तिथपर्यंत नेला, कारण बांधापर्यंत जाण्यात वेळ जातो आणि वेळ गेला की त्या जातच नाहीत.

१९ मे

सहा दिवसांचे आकडे. हवा ४२ ते ४४.

काकू २ चे चार दिवसच आहेत, आधी आठवडाभर त्या घरीच होत्या. पाणी आधी १.२ लिटर, आता सरासरी २.५. बारा वाजता वजनातली घट आधी दीड किलो, आता ६०० ग्रॅम. दुपारची नाडी ११२ वरून ९६. ताप जवळपास तोच, ३७.३.

ताप तोच! वडीलधाऱ्या काकूंना शब्द दिल्याप्रमाणे आधी हे त्यांना दाखवलं, तर त्यांनी नेमकं यावरच बोट ठेवलं: आधीही तेवढाच, आताही तेवढाच, मग फरक काय पडला? नाडीचा आणि वजनाचा रकाना पुढे केला. आधी तोच ताप राखायला तुमचं हृदय मिनिटाला किती धावत होतं, आणि आता किती. त्यांनी स्वतःच्या मनगटावर बोटं ठेवून पाहिलं. मग म्हणाल्या, रात्री पायात वांब (पेटके) येत होते, ते चार दिवस झाले आले नाहीत.

वांबांचा रकाना आमच्या वहीत नव्हता. आता केला.

७ जून

उकाडा. आभाळ भरून येतं, पडत नाही. कोरडी ३८, ओली २८. पारा मे महिन्यापेक्षा पाच अंशांनी खाली, आणि काकूंचे हाल जास्त. घाम धारांनी वाहतो आणि मातीत पडतो. पडलेल्या घामानं गारवा येत नाही. कूलर नुसता ओला वारा फेकतो. ही तर रत्नागिरीची हवा! ओल्या तापमापीचे मे आणि जूनचे आकडे शेजारी शेजारी लावले तेव्हा मुलांनी न सांगता ओळखलं की काम सकाळी साडेदहालाच थांबवायला हवं. बायकांनी मालकांशी बोलून तसं करून घेतलं: सहा ते साडेदहा.

३० जून

शाळा उघडली. तक्ते तयार आहेत. पहिल्या तक्त्यावर काकूंच्या सांगण्यावरून आडोशाचं चित्र आहे, हायपोथॅलॅमस दुसऱ्यावर. मुलींनी वर्तुळात नवा बाण काढलाय, तहानेकडून पाण्याकडे जाणारा, आणि त्याच्या मधोमध एक बंद दार.

आशाताईंना काटा परत दिला, बॅटरी बदलून. नळाचा माणूस आज येऊन माप घेऊन गेला. टाकीपासून मुलींच्या शौचालयापर्यंत २२ फूट पाइप, दोन एल्बो, एक तोटी. कडी मुलांनी सकाळीच बसवली.